काढेकाकांचे पाच उंदीर

शोधनिबंध हातात आला की काढेकाका आधी त्याचा शेवट वाचत. निष्कर्ष मनाजोगता असला तर चष्मा काढून ठेवत. नसला तर पहिल्या ओळीपासून उलटतपासणी सुरू होई. "अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात? पाला कधी तोडला? किती जणांना दिला?" वसईच्या बाजारातल्या त्यांच्या झाडपाल्याच्या दुकानात मी हे प्रश्न शिकले. नव्वदच्या दशकाअखेर मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि ग्रंथालयातून त्यांच्यासाठी झेरॉक्स आणत असे.

भिंतीवर मात्र एकच निबंध काचेत मढवलेला होता. त्यांच्या सांधेदुखीच्या काढ्यातील वेलीने पाच उंदरांची सूज उतरली, असे त्यात म्हटले होते.

"पाचच?" मी एकदा विचारले.

"पाचही बरे झाले ना?"

आतून काकू म्हणाल्या, "यांच्या बाजूचं छापून आलं की शास्त्र, विरुद्ध आलं की भानगड." काकू स्वतः तो काढा रोज घेत.

पुढे मला दुसरा निबंध सापडला. वेल तीच, काढा पाण्यातलाच. दीर्घकाळ घेणाऱ्या काही माणसांच्या यकृताला इजा झाली होती. काकूंचा काढा थांबवा, असे मी काकांना सांगितले. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या निबंधात होते.

"माणसं थोडीच आहेत," ते अखेर म्हणाले.

"पाच उंदरांपेक्षा जास्त आहेत, काका."

"तू अजून परीक्षा देतेस. मी रोगी बघतो."

त्या झेरॉक्सच्या कागदांत त्यांनी काढ्याच्या पुड्या बांधल्या.

काकूंचे डोळे पिवळे झाले तेव्हा काकांनी काविळीचा वेगळा काढा सुरू केला. पहिला बंद केला नाही. रुग्णालयात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. काकू पहिल्या काढ्यानेच गेल्या, असे मी सिद्ध करू शकत नाही. एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये, हेही काकांनीच शिकवले होते.

संशोधनासाठी पुण्याला जाण्यापूर्वी मी दुकानात गेले. अर्नाळ्याची एक वयस्क कोळीण गुडघा चोळत बसली होती. काचेतला निबंध भिंतीवर तसाच होता.

"पान्यात उकळून रोज घ्यायचा ना, काका?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. "रोज," ते म्हणाले.

मी तिच्या मागोमाग रस्त्यावर आले. "मावशी, हा रोज घेऊ नका. यकृताला धोका आहे."

"तू डाक्टर हाय?"

"नाही."

"मंग? काकांची बायको कितीतरी वर्षं रोज हाच घेत होती," ती म्हणाली, आणि पुडी टोपलीत ठेवून एसटीकडे वळली.