सहाव्या भागाचा नकाशा

त्या खेळाच्या सहाव्या भागावरचा माझा राग अजून गेलेला नाही. इतकी वर्षं झाली, लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली, तरी कुणी त्या भागाचं कौतुक केलं की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, एका कॉम्प्युटर गेमसाठी एवढं? हो, एवढं.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही नेरुळला राहायचो. माझ्या दहावीच्या सुट्टीत घरात एक जुना कॉम्प्युटर आला, काकांच्या क्लासने काढून टाकलेला, आणि त्याच्यासोबत फ्लॉपींवर या मालिकेचा तिसरा भाग. पहिले दोन मी कधी पाहिलेच नाहीत. खेळात आपण एक वाटसरू व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याला काय विचारायचं ते स्वतः टाइप करायचं, आणि मग गुहांमध्ये उतरायचं. गुहेत आपण कुठे आहोत हे खेळ अजिबात सांगायचा नाही. चार वळणं घेतली की हरवलोच. म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या ओढत बसायचे.

बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ड्राफ्ट्समन होते. कारखान्यातल्या पाइपलाइनींची ड्रॉइंग काढणं हे त्यांचं काम. गेमबद्दल त्यांचं मत वाईटच होतं, पण एका रविवारी सकाळी त्यांनी माझी वही पाहिली आणि त्यांना राहवेना.

"हा नकाशा? उत्तर दिशा कुठाय? स्केल कुठाय?"

"बाबा, गेम आहे तो."

"म्हणून अशी गिचमिड करायची?"

पुढच्या रविवारी त्यांनी ड्रॉइंग बोर्ड टेबलाला टेकवला, त्यावर ग्राफ पेपर चिकटवला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली. मी बटणं दाबायची, त्यांनी पावलं मोजायची. कीबोर्डला त्यांनी कधी हात लावला नाही. राक्षसांमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. मी लढत असले की ते पेन्सिलीला टोक करत बसायचे. चिन्हं मात्र त्यांनी कारखान्यातलीच वापरली. बंद दार म्हणजे व्हॉल्व्ह, विहीर म्हणजे पंप, आणि ज्या दारातून गेलं की मागे येता येत नाही ते नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. प्रत्येक नकाशाखाली उजव्या कोपऱ्यात चौकट: काढणार, तपासणार. पहिल्या घरात त्यांची सही, दुसऱ्यात माझी. सगळी गुहा पुन्हा एकदा चालून बघितल्याशिवाय मी सही केलेली त्यांना चालायची नाही.

चौथ्या भागाच्या शेवटच्या गुहेत आम्ही तीन रविवार अडकलो. किल्ली कुठेच मिळेना. मी रडकुंडीला आले होते. बाबा नुसते नकाशाकडे बघत बसले होते. मग त्यांनी एका कोऱ्या जागेवर पेन्सिलीने टिचकी मारली.

"इथे चार बाय तीनची जागा रिकामी आहे. चारी बाजूंनी भिंती. उगाच कुणी एवढी जागा सोडत नाही."

मी त्या भिंतींना धडका देत सुटले. तिसरी भिंत सरकली. बाबा इतक्या मोठ्याने ओरडले की आई हातात लाटणं घेऊनच बाहेर आली. एरवी ते घरात फारसे बोलायचे नाहीत. माझ्याशी त्यांचं जे काही बोलणं झालं ते त्या रविवारांत, "डावीकडे", "थांब", "एक मागे" एवढ्याच शब्दांत. मला ते पुरायचं.

पाचवा भाग ठीकठाक होता. गुहा कमी झाल्या होत्या, आणि टाइप करायचं बंद होऊन तीन आयत्या वाक्यांतून एक निवडायचं आलं होतं. मी कुरकुरले. पण घरच्या माणसाची पहिली चूक आपण पोटात घालतो, तशी घातली.

सहाव्याची मी दोन वर्षं वाट पाहिली. तोवर कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं होतं. तो सीडीवर आला, वाशीच्या ज्या दुकानातून आम्ही सगळेच कॉपी करून आणायचो तिथूनच. दुकानदार खूश होता. "मॅडम, एकदम पिक्चरसारखा आहे. खरे अ‍ॅक्टर घेतलेत. आणि टेन्शनच नाय, म्याप आपोआप बनतो." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रविवारी बाबांनी नवा कागद चिकटवला. उत्तरेचा बाण काढला, स्केल लिहिलं. बराच वेळ पडद्यावर एक दाढीवाला नट नुसता बोलत राहिला. मग एकदाची गुहा आली, आणि माझ्या प्रत्येक पावलासरशी वरच्या कोपऱ्यात एक छोटा नकाशा उमटायला लागला.

"हे कोण काढतंय?" बाबांनी विचारलं.

"गेमच काढतोय."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

माझं टाळकंच सरकलं. तो नकाशा बंद करायची सोय शोधली, नव्हती. शेवटी त्या कोपऱ्यावर पोस्टकार्डाचा तुकडा चिकटवला आणि म्हटलं, "आता काढा." बाबांनी माझ्या समाधानासाठी पेन्सिल उचलली. पण काढायला होतं काय? सरळ बोळ, एक खोली, परत सरळ बोळ, परत एक खोली. हरवायचं म्हटलं तरी हरवता येईना. वीस मिनिटांत गुहा संपली.

"ही गुहा नाही गं," बाबा म्हणाले, "पाइप आहे. या टोकाने आत, त्या टोकाने बाहेर."

मी त्या परदेशातल्या कंपनीला इंग्रजीत तीन पानी पत्र लिहिलं. जुन्या खेळणाऱ्यांना तुम्ही मूर्ख समजता का, वगैरे. बाबांनी ते शांतपणे वाचलं, दोन स्पेलिंगं सुधारली आणि विचारलं, "आपण हा विकत घेतलाय का?" पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. चोरीच्या मालाची तक्रार कोणत्या तोंडाने करणार? त्याचाही मला रागच आला. माल चोरीचा असेल, पण जीव तर मी खराच लावला होता.

पुढच्या रविवारी बाबा वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत बसले. मी चौथा भाग लावला आणि हाक मारली, "बाबा, या ना. हाच परत पहिल्यापासून खेळू."

ते आले, उभ्याउभ्याच थोडं पाहिलं. "याचा नकाशा झालाय की आपला. आता काय काढणार?"

बोर्डावर सहाव्याचा कागद अजून तसाच होता. सरळ रेघा, दोन खोल्या, खाली चौकटीत त्यांची सही. त्यांनी कागदाच्या चिकटपट्ट्या सोडवल्या आणि माझ्यापुढे पेन धरलं.

"तुझी सही राहिलीय."

"मी नाही करणार. भंगार आहे ते."

"नकाशात चूक आहे का?"

"नाही. चूक करण्यासारखं आहे काय त्यात?"

"मग कर. चूक नसताना सही अडवायची नाही."

मी केली. कागद फाटेल इतकं पेन दाबून केली. बाबांनी शाई वाळू दिली, कागद गुंडाळला, बाकीच्या नकाशांच्या नळकांड्यात घातला आणि झाकण लावलं.