आवरलं का?

भिंगरीच्या खोलीचं दार पूर्ण असं कधी उघडतच नसे. अर्धं उघडलं की आतून काहीतरी आडवं येई. कधी दप्तर, कधी खुर्ची, कधी नुसताच कपड्यांचा ढीग. आत जायचं तर पोट आत ओढून तिरकं शिरावं लागे. बाबा म्हणायचे, "हिच्या खोलीत चोर शिरला ना, तर बिचारा चार वस्तू जागेवर लावून जाईल." सगळे हसायचे. भिंगरीही हसायची. पाय घरात ठरत नाहीत म्हणून आत्याने हे नाव ठेवलं होतं आणि सोळावं लागलं तरी ना नाव सुटलं होतं, ना सवय.

'आवर' हा शब्द मोठा सोयीचा. खोली आवरायची असते, बाहेर निघायच्या आधी आपलं स्वतःचं आवरायचं असतं आणि वेळ आलीच तर रडूही आवरायचं असतं. भिंगरीने या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला होता. "आवरलं का गं?" असं आईने स्वयंपाकघरातून विचारलं की ही केसांना क्लिप लावता लावता बिनदिक्कत ओरडायची, "आवरलं!" खोटं नव्हे काही. नरो वा कुंजरो वा. आई दार उघडून बघेपर्यंत ही जिना उतरलेली असायची.

पण त्या रविवारी कुणी काही म्हटलं नव्हतं आणि भिंगरी सकाळपासून खोलीत जमिनीवर बसून पसारा उपसत होती. हातावरची शस्त्रक्रिया झालेली आत्या आज हॉस्पिटलमधून सुटणार होती. प्लास्टर निघेपर्यंत ती याच खोलीत राहणार होती आणि भिंगरीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत.

"न सांगता आवरायला घेतलंस!" आई चपला घालता घालता म्हणाली. "बघितलंत का हो? आत्यावर जीव आहे पोरीचा. उगाच आपण तिला बोलत असतो."

"शिकतेय, शिकतेय," बाबा म्हणाले आणि जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. भिंगरीने मान वर केली नाही. शिवी दिली असती तरी बरं, असं तिला वाटलं.

दार लागलं. तिने पलंगाखाली हात घातला.

काय काय निघालं म्हणून सांगू! हरवला म्हणून शाळेत रडून दाखवलेला कंपास. तळाशी चहा वाळून काळा पडलेला कप, आणि त्याच्या जोडीला आणखी एक. आईने घरभर शोधलेली मोठी कात्री. एका पायाचे मोजे तर इतके, की घरात कुणी लंगडी घालत होतं की काय असं वाटावं. एकेका मोज्याला जोडीदार सापडत गेला. खिडकीजवळची फरशी उघडी पडली आणि तिचा रंग फिकट हिरवा आहे हे भिंगरीला नव्याने कळलं. मग कपाट. इतके दिवस ते गुडघ्याने रेटून लावावं लागायचं. घड्या घालून सगळं परत ठेवलं तेव्हा दार एका बोटाने बंद झालं. तिने ते पुन्हा उघडलं, पुन्हा एका बोटाने लावलं.

तिला आनंद झाला. आणि झाल्याबरोबर त्याची लाज वाटली. आता कसलं कौतुक करून घेतेस, बये? जे करायचं ते तेव्हा केलं नाहीस.

कारण सगळे समजत होते तशी आत्या जिन्यात पडलीच नव्हती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सोफ्याच्या आणि पडद्यांच्या एका दुकानात ती पडदे शिवते. कापड असं कापते की दुसऱ्यांदा कात्री लावावी लागत नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगतेही. भिंगरीच्या खिडकीला लहानपणापासून एक जुनी चादर लटकत होती. आत्याने कधीतरी गुपचूप माप घेतलं, मनासारखं निळं कापड मिळेपर्यंत थांबली आणि एका दुपारी पडदे शिवून घेऊन आली. आईबाबा कामावर होते. दोन्ही हातांवर घड्यांची चळत, वर नुसता चष्मा दिसतोय, अशी ती बाहेरच्या खोलीत उभी राहिली.

"भिंगरे, आवरलंस का गं? पडदे लावायला येतेय!"

भिंगरी न्हाणीघराच्या आरशासमोर केस विंचरत होती. मैत्रीण खाली वाट बघत होती.

"आवरलं!"

पुढे धप्प असा आवाज आला आणि त्यानंतर आत्याचा आवाजच आला नाही.

चार्जरची वायर भिंतीपासून पलंगापर्यंत ताणलेली होती, घोट्याएवढ्या उंचीवर. आत्या उजव्या हातावर पडली होती. मनगट नको त्या बाजूला वळलेलं. चेहरा पांढराफटक. आणि तशातही ती पहिलं वाक्य काय बोलली?

"आधी ती वायर काढ. तुझी आई बघेल."

मग धापा टाकत म्हणाली, "जिन्यात पाय सरकला म्हणून सांगू. उगाच बोलणी खाशील." आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःचीच समजूत घालावी तशी, "तुला वाटलं असेल, मी तुझंच आवरलं का विचारतेय. हो ना?"

भिंगरीने मान हलवली. हो म्हणून.

ही जी मान हलली ना, तीच तिला तेव्हापासून छळत होती. वायर विसरणं ही चूक झाली, कुणाच्याही हातून होते. पण मान तिने समजून उमजून हलवली होती.

एवढ्यावर संपलं असतं, तर भिंगरीने ते कसंबसं गिळलंही असतं. पण खोटं एकटं कधी राहत नाही. त्या संध्याकाळी बाबा हॉस्पिटलमधून परतले तेच तापलेले. इमारतीचा जिना पुसायला एक मावशी यायच्या. संध्याकाळी त्या कचरा न्यायला परत आल्या होत्या, तेव्हा बाबांनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"जिना ओला टाकून जाता! माझ्या बहिणीचा हात मोडला. उद्या कुणाचं डोकं फुटेल!"

"साहेब, मी सकाळीच पुसून गेले होते," मावशी म्हणाल्या. "दुपारपर्यंत वाळतो हो जिना."

"म्हणजे आम्ही खोटं बोलतोय?"

आवाज वर वर चढत गेला. दारं उघडली. वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी कठड्यावरून वाकून म्हणाले, "हिचं काम तसंही ढिलंच आहे. दुसरं कुणी मिळालं की बघतो." भिंगरी दाराच्या आड उभी होती.  करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, ही म्हण तिने शाळेत वाक्यात वापरून दाखवली होती आणि शाबासकीही मिळवली होती.

आत्या हॉस्पिटलमध्ये, तिला यातलं काही ठाऊक नाही. आईबाबांना वायरीचं ठाऊक नाही. सगळं ठाऊक असलेली एकटी भिंगरीच.

खोली आता जवळजवळ झाली होती. शेवटी तिने पलंगाच्या अगदी कोपऱ्यातून पडदे ओढून काढले. त्या दुपारी घाईघाईत तिनेच ते तिथे कोंबले होते. निळं कापड चुरगळलेलं, धूळ लागलेली. तिने ते झटकले, इस्त्री केली. खालची दुमड हाताने शिवलेली होती, कारण मशीनची शिवण दर्शनी बाजूला दिसते आणि आत्याला ते चालत नाही. टाके इतके बारीक की बोटालाच कळत होते. इस्त्री तशीच उभी ठेवून भिंगरी काही वेळ रडली. मग खुर्चीवर चढून तिने पडदे लावले. बरोबर बसले. एका सुताचाही फरक नाही.

तेवढ्यात जिन्यावरून पोछ्याचा आवाज आला. आणि पाठोपाठ दुसराच एक, खसाखसा, कोरडा. तिने दार उघडून बघितलं. मावशी पायरीवर बसून, ओला पोछा मारून झालेली प्रत्येक पायरी सुक्या फडक्याने घासून कोरडी करत होत्या. एक झाली की बूड सरकवून खालची. त्या दिवसापासून त्या हे रोज करत असणार, आणि भिंगरी रोज त्याच कोरड्या पायऱ्यांवरून उड्या मारत शाळेत गेली होती. भुईने पोटात घ्यावं असं तिला झालं.

खालून आवाज आले. बाबांनी आत्याचा डावा दंड धरला होता, आई मागून पिशव्या घेऊन. मावशी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"हं, आता कशी अक्कल आली," बाबा म्हणाले. "हेच आधी केलं असतं तर हिचा हात शाबूत राहिला असता."

आत्या थांबली. "म्हणजे? यांचा काय संबंध?"

"तू बोलू नकोस, दम लागेल तुला. मी झापलंय त्यांना."

आत्याने मावशींच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं, दारात उभ्या असलेल्या भिंगरीकडे. तिचं तोंड उघडलं, आणि भिंगरीला कळलं की आत्या आता हेही स्वतःच्याच अंगावर घेणार.

"जिना कोरडा होता, बाबा," भिंगरी म्हणाली.  "आत्या माझ्या खोलीत पडली. वायरीत पाय अडकून. मी आवरलं नव्हतं."

"काय?" आईच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"अगं, तिचा गैरसमज झाला," आत्या घाईने म्हणाली. "मी विचारलं आवरलं का, तिला वाटलं की—"

"नाही वाटलं. मला कळलं होतं तू खोलीचंच विचारतेयस. तेव्हाही कळलं होतं आणि नंतर मान हलवली तेव्हाही."

आत्या प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत राहिली. भिंगरीला वाटलं होतं की ती रागवेल, नाहीतर जवळ घेईल. यातलं काहीच झालं नाही.

मावशींनी फडकं बादलीत टाकलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "गुडघे धरले होते माझे."

बाबांचा चेहरा उतरला होता. इकडेतिकडे बघत, एक पायरी खाली उतरून, ते हळूच म्हणाले, "मावशी, चुकलंच माझं. माफ करा."

मावशींनी बादली उचलली. "साहेब, त्या दिवशी वरपर्यंत ऐकू गेलं होतं."

  भिंगरी दारातून बाहेर आली आणि आत न वळता वरचा जिना चढायला लागली.

"आता कुठे निघालीस?" आईने मागून विचारलं. "खोली आवरून झाली ना?"

"खोली झाली," ती म्हणाली.

सेक्रेटरींच्या दाराशी येऊन तिने बेल दाबली. त्यांनी दार उघडलं आणि तिला बघून हसून म्हणाले, "काय गं, आत्या आली का? ये ना, आत ये."

"नाही काका, इथेच सांगते," भिंगरी म्हणाली. आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मोठ्याने, अगदी खालच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं.