सुई खाली असताना

माझा सख्खा भाऊ, पण त्याची बाजू मी घेणार नाही. बायकोवर हात टाकणाऱ्याशी माझं नातं नाही. ही गोष्ट वहिनीची आहे.

वहिनी प्रयोगशाळेत तारा काढायची. एका स्फटिकावर दुसऱ्याचा पातळसा थर. दोघेही मठ्ठ, विजेला दाद न देणारे. "तुमच्या आई आणि भावासारखे," ती मला हसून म्हणायची. पण वरच्या थरावरून वीज दिलेली सुई फिरवली, की खाली दोघांच्या सांध्यात तार उमटते, केसाहून हजारो पट बारीक. उजेडाने ती बिघडते, म्हणून खोलीत अंधार. आणि सुई खाली असताना टेबलाला जराही धक्का चालत नाही.

त्या दिवशीचं सर्किट जमलं, तर नोकरी कायम होऊन आवारातलं क्वार्टर मिळणार होतं, तिला आणि तिच्या मुलीला. हे भावाला कळलं आणि त्याचं डोकं फिरलं. तो तरातरा प्रयोगशाळेकडे निघाला, मी मागे धावले. रखवालदाराला त्याने भिंतीवर आपटलं. मी आडवी गेले, तर माझा ओठ फोडला. मग लाथ घालून वहिनीच्या खोलीचं दार उघडलं.

उजेड टेबलापर्यंत पोचायच्या आत वहिनीने आम्हा दोघांना आत ओढलं आणि दाराला स्वतःच कडी घातली. मग टेबलापासून लांब, पार कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"घर सोडून जातेस? जातेस?" तो दातओठ खात बुक्के घालत होता. मी त्याच्या दंडाला चावले, तर वहिनीने मलाच मागे सारलं. झटापट झाली असती, तर टेबलापर्यंत गेली असती. संगणकाच्या पडद्याच्या मंद लाल उजेडात तिच्या नाकातून रक्त ओघळत होतं. ती हूं की चूं करेना. त्याला वाटलं, नेहमीसारखी घाबरली. तिची नजर पडद्यावर होती, तिथे सुईची रेघ मुंगीच्या गतीने सरकत होती. ही आता मरते, असं मला वाटलं.

रेघ पुरी झाली. सुई वर उचलली गेली.

वहिनीने फळीवरचा लांब पाना घेतला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. तो कोसळताना दुसरा घाव गुडघ्यावर बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बाहेर माणसं जमून दार ठोठावू लागली.

"थांबा! अजून मोजायचंय!" वहिनी ओरडली.

विव्हळणाऱ्या नवऱ्याला ओलांडून ती टेबलाशी गेली, रक्ताचा हात पुसला, कळ दाबली. पडद्यावर आकडा चढत गेला. तारेतून वीज वाहत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "पोरीला शाळेतून आणा. घरी नको. इथे आणा."