बापावर हात उगारणाऱ्याचा खटला

लॉ कॉलेजात वक्तृत्व शिकवणाऱ्या बाई आम्हाला जुन्या रोममधले खोटे खटले द्यायच्या. तिथे वकिली शिकणारी पोरं म्हणे अशाच कल्पित भांडणांवर तयार होत. एक कायदा, एक घटना, दोन बाजू. घटना बदलायची नाही. ती का घडली, एवढं मात्र हवं तसं रचायचं. विषय ऐकून शिवाजी पार्कच्या मुली अंग चोरायच्या: सावत्र आईने पाजलेलं विष, चाच्यांनी पळवलेला मुलगा, डोळे फोडलेला बाप. करी रोडच्या आमच्या चाळीत चाचे सोडून बाकी सगळं होऊन गेलं होतं, त्यामुळे मला जांभया यायच्या.

एकदा मात्र कायदा आला: बापाला मारणाऱ्या मुलाचे हात तोडावेत. मला मुलाची बाजू मिळाली आणि माझं डोकंच फिरलं. गणपतीनंतर बाबांनी आईचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं, तेव्हा माझ्या भावाने त्यांना लाथाबुक्क्यांनी तुडवलं होतं. तेव्हापासून त्याला घर बंद. तो परळला मित्राकडे राहायचा, आणि आई जेवताना घास हातात धरून बसायची. मला तो परत हवा होता, बस.

म्हणून रविवारी सराव मुद्दाम घरातच केला, बाबांसमोर, खणखणीत आवाजात. रोमन मुलगा, रोमन आई, रक्ताने भरलेली रोमन मोरी. आई खाली विळीवर बांगडे कापत होती. बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि थेट न्यायाधीश झाले.

“हात तोडूचेच. कायदो तो कायदो.”

“मगे पयले तुमचे,” आई म्हणाली. तिने मान वरसुद्धा केली नाही.

बाबांनी लाथेने बांगड्यांचा टोप उडवला. बांगडे भिंतीवर आदळले. मग ते हात उगारून तिच्यावर वाकले. इतकी वर्षं अशा वेळी ती डोकं झाकून घ्यायची. या वेळी तिने त्यांचं मनगट पकडलं, खाली खेचलं आणि विळीच्या पात्यावर दाबून धरलं. कातडी फाटली, रक्त आलं. बाबा ओरडले, पण हात सोडवायची त्यांची हिंमत झाली नाही. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

“तेका फोन लाव,” आई मला म्हणाली. “जेवक ये म्हणान सांग.”

मी लावला.

“बाबा आहेत घरात?” भावाने विचारलं.

“आहेत,” मी म्हटलं. “तरी ये.”