काटेवाल्यांचा अॅनालायझर

आमचे हे वजनमाप खात्यात निरीक्षक होते. जन्मभर दुकानदारांचे काटे तपासले, त्यामुळे सरळ माणूस यांच्या नजरेत बसतच नाही. मी चहा दिला की आधी वास घेतात. किती वेळा सांगितलं, अहो, विष घालायचं असतं तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी घातलं असतं! गल्लीत यांना काटेवाले म्हणतात.

एकाच माणसावर यांचा विश्वास. हॅम रेडिओवरचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावरचा जुना मित्र, दूरच्या गावातले निवृत्त मास्तर. रोज सकाळी दोघे आपापल्या घरातून रेडिओवर गप्पा मारायचे, तेही माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात. एकदा यांच्या मनात आलं, अँटेना अॅनालायझर घ्यावा. म्हणजे अँटेना नीट काम करते का ते सांगणारं, हातात मावेल एवढं यंत्र. मास्तरांनी एक साधं मॉडेल सुचवलं. तर हे काय म्हणाले असतील? "दुकानदार तुला कमिशन देतो का रे?"

मास्तर हसले. पण दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर नुसती खरखर.

हे रोज हाका मारायचे, उत्तर नाही. "रागावलाय. मुद्दाम बोलत नाही." मी म्हटलं, फोन करा. "मी का करू? म्हणेल, आला नाक घासत." जेवणावरचं लक्ष उडालं. मला राग येत होता, आणि बघवतही नव्हतं.

शेवटी म्हणाले, "अँटेनाच बिघडली असेल तर मास्तर निर्दोष. यंत्र आणतो आणि सोक्षमोक्ष लावतो."

दुकानात मलाही नेलं, साक्षीदार म्हणून. दुकानदाराने दोन यंत्रं मांडली. एक मोठ्या रंगीत पडद्याचं, दुसरं मास्तरांनी सांगितलेलं, काळं आणि ओबडधोबड. यांनी खिशातून पन्नास ओहमचा इवलासा रेझिस्टर काढला. नोकरीत असताना खात्रीचं वजन घेऊन दुकानात शिरायचे, अगदी तसेच. हा अँटेनाच्या जागी जोडला की यंत्राने पाठवलेलं काही परत येत नाही, म्हणून आकडा एक, म्हणजे उत्तम, यायलाच हवा. रंगीत यंत्र दर खेपेला वेगळंच काहीतरी दाखवायला लागलं.

"काका, बॅटरी उतरली असेल."

"बॅटरीचं माहीत नाही, तुमचा चेहरा मात्र उतरलाय," हे म्हणाले. मला हसू आवरेना.

काळ्याने मुकाट्याने एक दाखवला. पुन्हा लावला, पुन्हा एक. तेच घेतलं, पण कुरकुरत. "मास्तर बरोबरच होता म्हणायचा."

घरी येऊन गच्चीवरून आलेल्या केबलचं टोक यंत्राला लावलं. आकडा छान आला. अँटेना ठीक, म्हणजे मास्तरांनीच बोलणं टाकलं. हे खुर्चीत मटकन बसले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, माझ्या चहावर संशय घेता, आणि या डबड्याचं एका झटक्यात खरं मानता?"

माझ्याकडे बघतच राहिले. मग ताडकन उठून गच्चीवर गेले, अँटेनापासून केबल सोडवली आणि खाली येऊन पुन्हा मोजलं. आकडा तस्साच! टोकाला अँटेनाच नाही, तरी छान! यंत्र खोटं बोलत नव्हतं. केबलमध्ये पाणी मुरलं होतं. पाठवलेलं सगळं वाटेतच जिरायचं, परत काही यायचं नाही, आणि परत येत नाही म्हणून आकडा चांगला. येणारा आवाजही त्यातच मरायचा. यांनी कपाळावर हात मारला. "यंत्र पारखलं, आणि केबलवर डोळे मिटून विश्वास ठेवला. मी!"

नवी केबल टाकली. सकाळी रेडिओ लावतात तर मास्तरांचा आवाज. यांचाच कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, पुन्हा पुन्हा म्हणत होते, उत्तराची आशा नसल्यासारखे. यांनी बोलायचं बटण दाबलं. "आहे रे, आहे मी."

"मला वाटलं, गेलास," मास्तर म्हणाले. "फोन करायचा धीर होईना. वहिनींनी उचलला असता तर काय विचारलं असतं मी?"

यांनी पुन्हा बटण दाबलं आणि ते धरूनच लहान मुलासारखे रडायला लागले. सगळं तिकडे ऐकू जात होतं. मी यांचा हात बटणावरून काढला नाही. ऐकू जाऊ दे, म्हटलं.