वॉर्डरबाईंचा नवा उद्योग

बायकांच्या तुरुंगात बावीस वर्षं वॉर्डरची नोकरी केलेल्या बाईने निवृत्तीनंतर घरी आराम करावा की नाही? पण या बाईंच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. सुटलेल्या पोरींना आपापल्या घरी पोहोचवायचं काम त्यांनी एका संस्थेकडून अंगावर ओढून घेतलं. सगळे अजून त्यांना वॉर्डरबाईच म्हणत. पोरी त्यांच्यावर खार खाऊन असायच्या आणि पोरींच्या घरचे त्यांना दारातूनच कटवायला बघायचे. बाईंच्या तोंडालाही लगाम नव्हता.

आजची पोरगी बावीस वर्षांची, एका शिंप्याची. भांडणात तिने वरच्या मजल्यावरच्या मुलीला जिन्यावरून ढकललं होतं. ती मुलगी आजही लंगडते. ही चार वर्षं आत होती. संस्थेच्या वसतिगृहातली खाट शनिवारपर्यंतचीच. घरच्या कुणी कागदावर सही करून तिला ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर पोरगी रस्त्यावर.

जिन्याखालच्या खोलीचं दार आईने उघडलं. शिंपी मशीनवर होता, त्याने मान वर केली नाही. तेवढ्यात वरच्या कठड्यावरून आवाज आला, "आली का महाराणी? आमच्या पोरीचा पाय आणलाय का परत?"

"ऐकलंत?" आई म्हणाली. "चार वर्षं रोज हेच ऐकतोय आम्ही. कशाला आणलंत हिला?"

"तुमची आहे म्हणून आणली. मग काय माझ्या घरी नेऊ?"

"तुमचं काय जातंय बोलायला!" शिंपी मशीन चालवत म्हणाला. "गिऱ्हाइकं आमची तुटली."

"सहीचं मग बघू," बाई म्हणाल्या. "आधी आत घ्या, जिन्यात तमाशा नको."

आई रागारागाने बाजूला झाली. दार सताड उघडं होतं, पण पोरगी उंबऱ्याबाहेर ढिम्म उभी.

"बघा, माज बघा!" आई कडाडली. "दार उघडं टाकलंय, तरी हिला आमंत्रण हवंय."

हे थांबणं वॉर्डरबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. दार उघडं असो की बंद, हुकूम मिळाल्याशिवाय ओलांडायचं नाही. त्यांनीच आवाज चढवून शेकडो जणींच्या अंगात हे भिनवलं होतं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर पोरगी आत गेली असती. पण बापाच्या घरात, बापादेखत, तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना. त्यांना लाज वाटली. या बाईंना लाज वाटली म्हणजे विशेषच म्हणायचं.

"आत हो!" शेवटी आईच खेकसली.

पोरगी तत्काळ आत गेली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हात पाठीमागे धरले आणि घडाघडा आपला कैदी नंबर सांगितला.

मशीन थांबलं. वरची शिवीगाळ तेवढी चालू होती.

आई त्या पाठीकडे बघत राहिली. मग वॉर्डरबाईंकडे वळली. "हे तुम्ही शिकवलंत माझ्या पोरीला?"

"हो," बाई म्हणाल्या. "मीच."

आईने त्यांच्या हातातला कागद हिसकावून मशीनवर आपटला. "करा सही." शिंप्याने निमूट केली. तिने तो बाईंच्या अंगावर भिरकावला. "आता चालत्या व्हा. पुन्हा या दारात दिसलात तर याद राखा." मग जिन्याकडे तोंड करून ओरडली, "आणि तुम्ही! काय बोलायचं ते मला बोला!"

वॉर्डरबाईंनी वाकून कागद उचलला. आतून शिंप्याचा आवाज आला, "हात सोड गं. बस खाली."

ती बसली की नाही, ते बाईंना दिसलं नाही. दार त्यांच्या तोंडावर लागलं होतं.