दशम्यांचं अंतर

लेकीकडे पहिल्यांदा विमानाने निघाले, नागपूरहून कोल्हापूरला, तेव्हा मी शहाणीने दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या बांधून घेतल्या. रेल्वेची सवय! लेक एवढ्या लांब दिली म्हणून लग्नात मांडव भिजवणारी तीच मी. फडक्याची गाठ सोडते न सोडते तोच शेजारच्या सीटवरची मुलगी म्हणाली, "काकू, पट्टा बांधा, उतरतोय आपण." खाली उसाचं हिरवं रान वर येत होतं. आम्ही लेकीचं सासर शिदोरीने मोजलं. आता गाठ सोडायलाही सवड नाही.

घरी दशम्यांची चळत पाहून लेक पोट धरून हसली. परतीचं तिकीट परवाचंच आहे, हे मी दबकत सांगितलं.

ती म्हणाली, "ह्या संपल्या की जा, आई. आणि सांगून ठेवते, मी रोज अर्धीच खाणार आहे."